कोकरांना जंतांशी लढायला उशीर का लागतो?

कुरणवाट

एकाच कुरणात मेंढी आणि तिचं चार महिन्यांचं कोकरू शेजारी शेजारी चरतात. पात्यांवरच्या अळ्या दोघांच्याही पोटात जातात. काही आठवड्यांत कोकराच्या शेपटीखालची लोकर घाण होते, डोळ्याची आतली कड फिकी पडते, जबड्याखाली पाणी उतरतं. मेंढीला मात्र काही होत नाही. "कोकरू लहान, त्याची ताकद कमी" असं म्हणून आपण विषय सोडून देतो. पण कमी म्हणजे नेमकं काय कमी? यावर इथे नीट चर्चा व्हावी असं फार मनात होतं, कारण जंताचं औषध कुणाला आणि कधी पाजायचं हे सगळं या उत्तरावर ठरतं.

आधी जंतांची ओळख, कारण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. हीमोंकस कॉन्टॉर्टस राहतो चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात, आणि रक्त पितो. टेलाडोर्सॅजिया सर्कमसिंक्टाही तिथलाच, पण तो जठराच्या ग्रंथी बिघडवतो. थंड हवेच्या प्रदेशांत याचाच त्रास जास्त. लहान आतड्यात ट्रायकोस्ट्राँजिलस आणि निमॅटोडायरस. हीमोंकसची मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते, आणि एका जंतापायी दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त जातं. जेमतेम एक थेंब. पण हजार जंत असले की ५० मिली झाले, आणि १५ किलोच्या कोकराच्या अंगात रक्त असतं जेमतेम लिटरभर.

लेंडीतून अंडं बाहेर पडतं, ऊब आणि ओल मिळाली की अळी निघते. तिसऱ्या अवस्थेत ती जुनी कात अंगावर तशीच ठेवते, त्यामुळे ऊन-थंडीत तग धरते. दवाच्या पातळ थरातून पात्यावर चढते, पोटात गेल्यावर ती कात टाकते आणि अस्तरात शिरते. साधारण तीन आठवड्यांत अंडी घालणारा जंत तयार.

मोठ्या मेंढीचं शरीर या प्रवासात बऱ्याच ठिकाणी आडवं येतं. नव्या अळ्यांना मुळी बस्तानच बसवू देत नाही. त्यातूनही शिरल्या तर त्यांची वाढ चौथ्या अवस्थेत रोखतं. वाढलेच तर जंत खुजे राहतात, आणि खुजी मादी अंडी कमी घालते. शेवटी मुक्कामाला असलेले जंतही बाहेर काढले जातात. कोकरू हे सगळं शिकतं, पण एका दमात नाही. ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटिश ब्लॅकफेस कोकरांमध्ये टेलाडोर्सॅजियाचा अभ्यास केला. त्यात दिसलं की चराईच्या पहिल्या हंगामात कोकराला जंतांची लांबी आवरता येते, त्यांची संख्या फारशी आवरता येत नाही. तो ताबा नंतर येतो. ढोबळमानाने पहिले तीन महिने कोकरू जवळपास उघडं असतं, चौथ्या ते सहाव्या महिन्यात प्रतिकार दिसू लागतो आणि भरवशाची ताकद यायला दहा-बारा महिने लागतात.

आता खरा प्रश्न असा, की हा उशीर वयामुळे होतो की सरावाच्या अभावामुळे? माझ्या मते दोन्हींमुळे, पण वयाचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा आहे. १९६० च्या दशकात किरणोत्साराने अशक्त केलेल्या हीमोंकसच्या अळ्या पाजून लस करायचा प्रयत्न झाला. सात महिन्यांच्या पुढच्या मेंढरांना चांगलं संरक्षण मिळालं. तीन महिन्यांच्या आतल्या कोकरांना तीच लस देऊन उपयोग झाला नाही. अळ्या त्याच, पद्धत तीच, सरावही सारखाच. फरक फक्त वयाचा.

कळपवाला

धागा वाचनखुणेत टाकला. एक रोजचा प्रश्न. कोकरांना औषध पाजलं की पंधरा-वीस दिवस बरं असतं, पुन्हा ढाळ लागतात, पुन्हा पाजावं लागतं. सारखं पाजत राहिलं तर त्यांना स्वतःची ताकद येणारच नाही का? की ताकद येईपर्यंत पाजत राहणं हाच उपाय?

कुरणवाट

@कळपवाला, धाग्याचा गाभाच विचारलात. प्रतिकार तयार व्हायला जंतांशी गाठ पडावीच लागते, तीही थोडी थोडी आणि सतत. पूर्ण स्वच्छ कुरणावर वाढलेलं कोकरू दिसायला टुमटुमीत असतं, पण वर्षाचं झाल्यावर त्याला दूषित कुरणावर सोडलं तर ते सरावातल्या मेंढरासारखं टिकत नाही. म्हणजे पोटात जंत एकही नको हा हट्ट चुकीचा. दुसऱ्या टोकाला, शिकायच्या वयाआधीच अळ्यांचा भडिमार झाला तर कोकरू शिकण्याआधीच मरतं.

औषधाने पोटातले जंत मरतात, कुरणावरच्या अळ्या तशाच राहतात. म्हणून नेहमीच्या चराईत एखाद-दुसऱ्या पाजण्याने सराव तुटत नाही. अडचण होते सगळ्या कळपाला ठराविक तारखांना, गरज असो-नसो, पाजत राहण्याने. सराव तुटतो आणि वर औषधाला दाद न देणारे जंतही निवडले जातात. थायबेंडाझोल हे जंताचं औषध १९६१ साली बाजारात आलं आणि १९६४ साली त्याला दाद न देणाऱ्या हीमोंकसची नोंद झाली. तीन वर्षं! काही जनावरं मुद्दाम बिनऔषधाची ठेवा असं सांगतात ते याचसाठी. त्यांच्या पोटातल्या, औषधाला बळी पडणाऱ्या जंतांची अंडी कुरणावर पडत राहतात आणि न जुमानणाऱ्या जंतांचंच पीक माजत नाही.

पाऊलवाट

प्रतिकारशास्त्र शिकते आहे, त्यामुळे आत काय घडतं ते लिहिते. कुणाला जड वाटलं तर विचारा.

जीवाणू-विषाणूंशी लढताना शरीर त्यांना गिळतं किंवा बाधित पेशी मारतं. जंत गिळण्याच्या मापाचा नसतोच, एकेक पेशी त्याच्यापुढे धूळ आहे. म्हणून इथे डाव वेगळा. टी-मदतनीस पेशींचा, म्हणजे इतर पेशींना हुकूम देणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, दुसरा प्रकार पुढे येतो आणि इंटरल्युकिन-४, ५ आणि १३ हे निरोप सोडतो. त्यातून चार कामं सुरू होतात. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात, दाह उठवणाऱ्या मास्ट पेशी अस्तरात जमतात, आयजीई आणि आयजीए ही प्रतिपिंडं तयार होतात, आणि अस्तरावरचा बुळबुळीत श्लेष्मा वाढतो, शिवाय त्याचा पोतही बदलतो.

सूक्ष्मदर्शकाखाली प्रतिकारक्षम मेंढीच्या चौथ्या पोटाच्या अस्तराचा काप बघण्यासारखा असतो. वरच्या आच्छादक पेशींच्या मधोमध, ठसठशीत गोल कण भरलेल्या पेशी दिसतात. त्यांना ग्लोब्यूल ल्युकोसाइट म्हणतात. आपला माल अंशतः सोडून पृष्ठभागाकडे सरकलेल्या मास्ट पेशीच त्या, असं मानलं जातं. पहिल्यांदाच जंत झालेल्या कोकराच्या कापात त्या जवळपास सापडतच नाहीत. मला विचाराल तर कोकरू आणि मेंढी यांतला फरक एका नजरेत बघायचा तर तो इथे.

इओसिनोफिलचं कामही थेट असतं. ऊतीत शिरलेल्या हीमोंकसच्या अळीभोवती त्या कडं करतात आणि तिच्या कातडीवर आपले कण ओततात. कड्यात सापडलेल्या अळ्या विस्कटलेल्या, मेलेल्या दिसतात. श्लेष्म्यात गॅलेक्टिन नावाची प्रथिनं येतात. त्यातलं गॅलेक्टिन-११ अळ्यांना चिकटून त्यांची वाढ खुंटवतं. टेलाडोर्सॅजियाच्या बाबतीत आयजीएचा संबंध जंत खुजे राहण्याशी आहे, आणि आयजीई व मास्ट पेशींचा संबंध संख्या कमी होण्याशी. कुरणवाट यांनी लिहिलेला क्रम, आधी लांबी आणि मग संख्या, याच्याशी जुळतो बघा. आयजीएची बाजू आधी उभी राहते, मास्ट पेशींची मागाहून.

रानवेडी

सुंदर माहिती. आईच्या चिकातून कोकराला संरक्षण मिळतं ना? मग ते जंतांविरुद्ध का चालत नाही? आईकडे तर सगळी हत्यारं आहेत.

पाऊलवाट

@रानवेडी, मेंढीच्या वारेतून प्रतिपिंडं गर्भात जात नाहीत. कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात ती जवळपास नसतातच. पहिल्या दिवसभरात पोटात गेलेल्या चिकातून आतडं ती थेट शोषून घेतं, मग ते दार बंद होतं. बऱ्याच आजारांत हा ठेवा कोकराला तारतो. पण जंतांविरुद्धची लढाई आतड्याच्या अस्तरातल्या पेशींची असते, आणि आईच्या मास्ट पेशी किंवा टी-पेशींची शिकवण चिकातून कोकराच्या अस्तरात जाऊन बसत नाही. चीक वेळेवर पाजायचाच, पण जंतांच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. कोकराच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात लसिका ऊतीचा सलग पट्टा असतो, मीटर-दोन मीटर लांब. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींची पहिली पिढी इथेच तयार होते. साधारण दीड वर्षात तो आटून जातो. कोकराच्या आतड्यात प्रतिकाराची यंत्रणा नसते असं म्हणता येत नाही. ती भरपूर असते, पण त्या वयात स्वतःची जडणघडण करण्यात गुंतलेली असते.

जिज्ञासू

माझा प्रश्न थोडा उलटा. मोठ्या, सराव झालेल्या मेंढ्यांनाही कधी कधी ढाळ लागतात, आणि लेंड्या तपासल्या तर अंडी नगण्य. मग जंत आहेत की नाहीत?

कुरणवाट

अंगात जंत फारसे नसतील, पण कुरणावर अळ्या भरपूर आहेत. प्रतिकारक्षम मेंढी रोज हजारो अळ्या गिळते आणि रोज त्यांना हाकलते. त्या हाकलण्यात अस्तराला दाह होतो, पाणी सुटतं, ढाळ लागतात. मेरिनो मेंढ्यांमध्ये ऑस्ट्रेलियात हा प्रकार चांगलाच नोंदलेला आहे. अशा वेळी औषध पाजून फायदा मर्यादित, कारण हाकलायला पुढच्या घासात नव्या अळ्या येतातच. कुरण बदलणं हा खरा इलाज.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट सांगतो, ती कळली तेव्हा माझा या आजाराकडे बघण्याचा दृष्टिकोनच बदलला. जंत झालेलं कोकरू खायचं कमी करतं. आपण समजतो जंत त्याला खाऊ देत नाहीत. न्यूझीलंडमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोकरांना रोज ट्रायकोस्ट्राँजिलसच्या अळ्या दिल्या आणि काही कोकरांची प्रतिकारशक्ती स्टेरॉइडने दाबून ठेवली. दाबलेल्या कोकरांचं खाणं कमी झालं नाही. ज्यांचं शरीर लढायला उठलं त्यांचंच खाणं आणि वाढ घटली. म्हणजे निदान या जंताच्या बाबतीत नुकसानीचा मोठा वाटा लढाईच्या खर्चाचा आहे.

हीमोंकसला हे लागू करू नका. तिथे रक्त जातं ते जातंच.

कळपवाला

मग लढूच नये असा अर्थ होतो का? कोकराला वाढू द्यावं, वजन धरू द्यावं?

कुरणवाट

नाही. दाबून ठेवलेल्या कोकरांत जंत मोकाट वाढतात आणि ती कुरणभर अंडी पेरत राहतात. स्टेरॉइड हे प्रयोगातलं साधन, उपचार नव्हे. पण तुमच्या प्रश्नात मर्म आहे. कोकरापुढे दोन खर्च एकदम उभे असतात, एक वाढ आणि दुसरी लढाई. दोन्हींना प्रथिनं लागतात. आणि प्रथिनं कमी पडली की शिकलेला प्रतिकार प्रत्यक्ष वापरण्याआधी त्याचं शरीर पहिला घास वाढीला देतं. हा विचार कूप आणि किरियाझाकिस या संशोधकांनी १९९९ साली नीट मांडला आणि त्यानंतरच्या बऱ्याच कामाला त्यातून दिशा मिळाली.

व्यवहारात याचा अर्थ असा. प्रथिनं जास्त मिळणाऱ्या कोकरांमध्येही सुरुवातीला अळ्या तेवढ्याच रुजतात. फरक नंतर पडतो, ती जंत लवकर हाकलतात. त्यामुळे आज पेंड सुरू केली आणि पुढच्या आठवड्यात ढाळ थांबले नाहीत म्हणून ती बंद करू नका. दूध तुटण्याचा काळ सर्वांत नाजूक. दुधातलं प्रथिन बंद, गवत जास्त म्हणजे अळ्या जास्त, आणि प्रतिकार अजून अर्धवट. तीनही गोष्टी एकाच पंधरवड्यात कोकरावर येतात. खुराकावर खर्च करायचा एकच महिना निवडा असं कुणी सांगितलं तर मी हाच निवडेन.

लोकरमाया

आईचाही विचार करा. व्यायच्या आधी साधारण दोन आठवड्यांपासून ते नंतर सहा-आठ आठवड्यांपर्यंत मेंढीचा स्वतःचा प्रतिकार ढिला पडतो. एरवी तिच्या लेंडीत अंडी मोजकी, या काळात एकदम वाढतात. जुळी पाजणाऱ्या मेंढीत जास्त. कारण तेच, प्रथिनं दुधाकडे वळतात. शिवाय अंगात रोखून ठेवलेल्या चौथ्या अवस्थेतल्या अळ्या पुन्हा वाढू लागतात. मग अंडी पडतात ती नेमकी त्या रानात, जिथे महिना-दोन महिन्यांनी कोकरं गवत तोडायला लागणार. कोकराला जंत कुठून येतात याचं बरंचसं उत्तर त्याच्या आईत आहे.

म्हणून गाभण मेंढीच्या शेवटच्या सहा आठवड्यांतला खुराक हा कोकराच्या जंतांवरचाही उपाय आहे. प्रथिनं वाढवली की ही अंड्यांची लाट उतरते, असं प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. ज्या रानात मेंढ्या व्यायल्या तिथेच दूध तुटलेली कोकरं सोडायची नाहीत, एवढं पाळलं तरी खूप फरक पडतो.

कळपवाला

@लोकरमाया +१. हे आधी कुणी असं जोडून सांगितलंच नव्हतं.

रानवेडी

जुन्या लोकांकडून ऐकलं आहे की पावसानंतर मेंढ्या आपोआप झडझडीत होतात, जंत पडून जातात. त्यात तथ्य आहे?

कुरणवाट

आहे. १९२९ साली नॉर्मन स्टोल यांनी हीमोंकस झालेल्या कोकरांत अंड्यांची संख्या चढून नंतर अचानक कोसळल्याची नोंद केली. त्यालाच स्व-उपचार म्हणतात. ऑस्ट्रेलियात १९५० च्या दशकात दिसलं की नव्या अळ्यांचा मोठा लोंढा आला की अस्तरात अतिसंवेदनशील प्रतिक्रिया उठते आणि त्यात जुने जंतही वाहून जातात. पण सगळं श्रेय प्रतिकाराला देता येत नाही. केनियात १९७० च्या दशकात दिसलं की पाऊस पडून गवत फुटलं की सराव नसलेल्या कोकरांतले जंतही पडले. तिथे ताज्या गवताचाच काही परिणाम असावा असं संशोधकांचं मत पडलं. कोकरांच्या बाबतीत या गोष्टीची वाट बघत बसू नये. पाऊस जसा जंत पाडतो तसा अळ्यांना पात्यावरही चढवतो.

जिज्ञासू

लसीचं काय झालं? सुरुवातीला लिहिलंत की कोकरांवर चालली नाही.

पाऊलवाट

ती जिवंत अळ्यांची लस होती. पुढे वेगळी वाट सापडली. हीमोंकस रक्त पितो, म्हणजे मेंढीची प्रतिपिंडं आपण होऊन त्याच्या पोटात जातात. मग जंताच्या आतड्याच्या आवरणावरचीच प्रथिनं टोचली तर? नैसर्गिक संसर्गात मेंढीला ती कधी दिसतच नाहीत, म्हणून त्यांना छुपे प्रतिजन म्हणतात (प्रतिजन म्हणजे ज्याला ओळखून शरीर प्रतिपिंडं बनवतं तो पदार्थ). स्कॉटलंडच्या मोरडन संस्थेत यावर दीर्घकाळ काम झालं आणि ऑस्ट्रेलियात २०१४ साली बार्बरव्हॅक्स नावाने लस बाजारात आली. कोकरांनाही ती देता येते, कारण तिचं काम रक्तातल्या प्रतिपिंडांवर चालतं, अस्तरातल्या मास्ट पेशींच्या शिकवणीवर अडत नाही. वयाचा अडसर ओलांडायची ही युक्ती मला अतिशय आवडते.

मर्यादाही त्यातूनच आल्या. जंतांशी गाठ पडून हिची आठवण ताजी होत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या मात्रांनंतर साधारण दर सहा आठवड्यांनी टोचावी लागते. प्रतिजन अजून मेंढ्यांतून काढलेल्या जंतांपासूनच मिळवावे लागतात. आणि ती फक्त हीमोंकसवर चालते. ट्रायकोस्ट्राँजिलस रक्त पीत नाही, त्याच्यावर हा मार्ग बंद.

लोकरमाया

निवडीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. एकाच कळपात, एकाच वयाच्या कोकरांत अंड्यांच्या संख्येत प्रचंड फरक असतो. थोड्या कोकरांच्या पोटात बहुतेक जंत असतात. हा फरक काही अंशी आनुवंशिक आहे, आनुवंशिकतेचा अंक साधारण ०.२ ते ०.३ येतो, म्हणजे फरकातला वीस-तीस टक्के भाग वारशाचा, निवडीला पुरेसा वाव. पूर्व आफ्रिकेतल्या रेड मसाई मेंढ्या हीमोंकसला डॉर्पर जातीच्या मेंढ्यांपेक्षा कितीतरी चांगलं तोंड देतात. स्कॉटलंडजवळच्या हिर्टा बेटावरच्या सोए मेंढ्यांना तर कुणी औषधच पाजत नाही. १९८५ पासून त्यांचा सलग अभ्यास चालू आहे. टेलाडोर्सॅजियाविरुद्ध प्रतिपिंडं जास्त असलेल्या प्रौढ मेंढ्या हिवाळ्यातून जास्त प्रमाणात तगतात असं २०१८ साली प्रसिद्ध झालं.

नर निवडताना त्याच्या लेंड्यांची तपासणी चार-पाच महिन्यांच्या पुढे करावी. त्याआधी सगळीच कोकरं कच्ची, कोण शिकणार आहे ते दिसतच नाही.

कळपवाला

शेवटचं विचारतो. उद्या कळपासमोर उभा राहिलो तर कोणत्या कोकराला पाजायचं हे ठरवू कसं?

कुरणवाट

हीमोंकसचा त्रास असेल तर खालची पापणी हलकेच ओढा आणि आतला रंग पाहा. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला फामाचा नावाचा पाच रंगांचा तक्ता त्यासाठीच आहे. लालबुंद असेल तर सोडा, फिका किंवा पांढरा असेल तर पाजा, मधला असेल तर कोकराला पाजा आणि धडधाकट मोठ्या मेंढीला सोडा. कोकरांचं रक्त झपाट्याने उतरतं, म्हणून दमट दिवसांत आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. पापणी फक्त रक्त पिणाऱ्या जंताचं सांगते. आतड्यातल्या जंतांसाठी वजन धरा. सोबतची कोकरं वाढताहेत आणि एक जागच्या जागी आहे, तर पाजायचं ते तेच. औषधाची मात्रा अंदाजाने नको, वजन करून आणि पशुवैद्यकाला विचारून. कमी मात्रा हीच न जुमानणाऱ्या जंतांची शाळा.

आणि एक सावधगिरी. निमॅटोडायरस बॅटस या जातीत अळी अंड्याच्या आतच तिसऱ्या अवस्थेपर्यंत वाढते, हिवाळा तिथेच काढते आणि हवा उबदार झाली की ढिगाने बाहेर पडते. नुकसान वाढत्या अळ्याच करतात, जंत अंडी घालायला लागण्याआधी. तिथे पाच-दहा आठवड्यांच्या कोकरांना अचानक पाण्यासारखे ढाळ लागले आणि लेंडी तपासणीत अंडी शून्य आली, तर त्या शून्यावर जाऊ नका. त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा आणि उरलेल्या कोकरांना त्या रानातून हलवा.

कळपवाला

उद्या सकाळीच पापण्या बघायला घेतो. दूध तुटलेली कोकरं सध्या व्यायलेल्या मेंढ्यांच्याच रानात आहेत, आधी ती हलवतो.